टायटॅनियम बोराइडचं पोलाद: कोकणातल्या गाडीला घ्यावं का?

निकाल आधीच सांगून टाकू. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारी फिरती नळी), कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) यांसारखे भाग कारखान्यात पूर्ण होऊन येतात आणि त्यांची जाडी-लांबी वाढवायला गाडीत जागा नसते. अशा ठिकाणी हे पोलाद पैसे वसूल करतं. टेम्पोचा हौदा, दारं, मडगार्ड, छत यांसाठी घेऊ नये. आणि जो भाग आज ना उद्या गॅरेजमध्ये वेल्डिंगखाली जाणार, त्यासाठी तर विचारच नको. "टायटॅनियमचं पोलाद" हे नाव ऐकलं की रत्नागिरी-चिपळूणकडचा बॉडी बिल्डर काय किंवा मच्छीची गाडी चालवणारा काय, दोन अपेक्षा धरतो: गंजणार नाही आणि तुटणार नाही. या दोन्ही अपेक्षा चुकीच्या आहेत. त्याचा खरा गुण तिसराच आहे.

तो गुण म्हणजे ताठपणा. ताकद आणि ताठपणा या दोन गोष्टींची आपल्याकडे कायम गल्लत होते. पत्रा कायमचा वाकायला किंवा तुटायला किती जोर लागतो, ती ताकद. जोर असताना तो किती कमी लवतो (जोर काढला की परत सरळ होतो), तो ताठपणा. "हाय टेन्साइल पत्रा वापरलाय" असं सांगून पातळ गेज विकतात तेव्हा ताकदीचं बोलणं खरं असतं, पण ताठपणा पातळ झाल्याबरोबर गेलेला असतो. कारण पोलाद कुठलंही घ्या, भंगारातल्या जुन्या दाराचं किंवा सर्वांत महागड्या गाडीच्या खांबाचं, त्याचं यंग मॉड्यूलस, म्हणजे मालाच्या ताठपणाचा आकडा, २०५ ते २१० गिगापास्कलच्या आसपासच असतं. उष्णतेची प्रक्रिया करून ताकद तिप्पट करता येते, हा आकडा हलत नाही. १.२ मिलिमीटरचा सपाट पत्रा काढून तिथे १ मिलिमीटरचा लावला, तर ताठपणा जाडीच्या घनाने घटतो आणि ४२ टक्के जातो. वाडीच्या रस्त्यावर मागचं एक चाक चिऱ्यावर चढलं की दार चौकटीला घासतं, पुढच्या काचेचं रबर सुटून पावसाचं पाणी आत येतं. तिथे ताकद कमी पडलेली नसते, ताठपणा कमी पडलेला असतो.

हा न हलणारा आकडा हलवायचा एक रस्ता म्हणजे पोलादात दुसऱ्या, फार ताठ पदार्थाचे कण बसवणं. टायटॅनियम डायबोराइडचं मॉड्यूलस साधारण ५६५ गिगापास्कल, म्हणजे लोखंडाच्या अडीच पटींहून जास्त, आणि घनता घन सेंटिमीटरला ४.५ ग्रॅम, लोखंडाची ७.८७. दोन्ही बाजूंनी फायदा. टोयोटाच्या संशोधन प्रयोगशाळेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस यावर काम केलं. पुढे आर्सेलर-मित्तलने पत्र्याच्या रूपात त्याची पेटंटं घेतली, आणि ड्युसेलडॉर्फच्या मॅक्स प्लांक लोह संशोधन संस्थेने कणांचा आकार कसा आवरायचा यावर बरंच खोदकाम केलं. आजही हा माल पत्र्याच्या दुकानात मिळत नाही. येतो तो नमुना म्हणून किंवा घडवलेल्या भागाच्या रूपात. म्हणून हे परीक्षण दुकानाचं नाही, मालाचं आहे.

यात काय काय पडतं

कणांची भुकटी बाहेरून मिसळत नाहीत. कमी कार्बनच्या वितळलेल्या लोखंडात फेरोटायटॅनियम आणि फेरोबोरॉन (लोखंडात मिसळलेलं टायटॅनियम आणि बोरॉन) घालतात. गोठताना टायटॅनियम आणि बोरॉन एकमेकांना धरतात आणि कण आपोआप तयार होतात. आकारमानाने १० टक्के कण हवे असतील तर वजनाने साधारण ४.१ टक्के टायटॅनियम आणि १.९ टक्के बोरॉन लागतं. टनाला हिशेब केला तर १९ किलो बोरॉन, म्हणजे १८ टक्के बोरॉन असलेलं फेरोबोरॉन शंभर किलोच्या वर. हा माल महाग का, याचं उत्तर इथेच आहे.

इथे एक नावाची फसगत टाळा. गाड्यांच्या जाहिरातीत जे "बोरॉन स्टील" असतं ते बहुधा २२एमएनबी५ जातीचं, गरम असताना प्रेसमध्ये दाबून लगेच थंड केलेलं. त्यात बोरॉन फक्त ०.००२ ते ०.००५ टक्के, टनाला २० ते ५० ग्रॅम. ते अपघातात खांब वाचवायला उत्तम, ताकद १५०० मेगापास्कलच्या घरात, पण ताठपणा साध्या पत्र्याइतकाच. दोन्हींत बोरॉन आहे एवढंच साम्य.

प्रमाण चुकलं तर माल वाया जातो. टायटॅनियमचं वजन बोरॉनच्या २.२ पट लागतं. त्याहून कमी पडलं तर उरलेलं बोरॉन लोखंडाशी जुळून ठिसूळ लोह-बोराइड बनवतं. म्हणून थोडं टायटॅनियम जास्तच ठेवतात, पण फार जास्त झालं तर लोखंड-टायटॅनियमचं दुसरं ठिसूळ संयुग येतं. कार्बनही कमीच हवा. कार्बन असला की टायटॅनियम आधी त्याला जाऊन मिळतं आणि बोरॉन मोकाट सुटतं. पण कार्बन नाही म्हणजे कणांच्या मधलं लोखंड मऊ राहतं, म्हणून हे पोलाद ताठ असूनही हाय टेन्साइलच्या तोडीचं ताकदवान आपोआप होत नाही. ताकद हवी असेल तर मँगनीजसारख्या मिश्रणाने मधलं लोखंड वेगळं कडक करावं लागतं. सध्याच्या संशोधनाचा मोठा भाग याच खटपटीत आहे.

सगळ्यात मोठी अडचण कणांच्या आकाराची. कणांचं प्रमाण दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास राहिलं तर लोखंड आणि कण एकदमच गोठतात आणि कण बारीक येतात. त्याच्या वर गेलं की मोठे कण लोखंड गोठण्याआधीच जन्माला येतात आणि हळू थंड होताना वाढत जातात. पेजेत शीत तळाला बसतं, इथे उलट: कण हलके, ते वर तरंगतात. मग इंगॉटचा (ओतून गोठवलेल्या लगडीचा) वरचा भाग कणांनी भरलेला आणि खालचा रिकामा. यावर उपाय एकच, झटपट गोठवणं. पातळ पट्टी ओतणं किंवा वितळलेलं पोलाद फवाऱ्याने थरावर थर गोठवत नेणं, याने कण काही मायक्रॉनवर ठेवता येतात. जाड स्लॅबच्या जुन्या पद्धतीने हा माल घेतला तर वरचा आणि खालचा तुकडा एकाच हीटचे (भट्टीच्या एकाच घाण्याचे) असूनही दोन वेगळी पोलादं निघतात.

मोठा कण वाईट का, हे घासून चकाकी आणलेल्या नमुन्यावर सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतं. मोठे कण धारदार कोपऱ्यांचे, पुष्कळदा षटकोनी, फरशी बसवल्यासारखे. नमुना ताणला की कण लोखंडापासून सुटत नाही, पकड घट्ट असते. तो स्वतःच मधोमध आडवा तडकतो, बिस्किटासारखा. शेजारचा बारीक कण शाबूत असतो आणि मोठ्याच्या पोटात काळी रेघ. दोन-तीन तडकलेले कण जवळ आले की त्या रेघा लोखंडातून एकमेकींना मिळतात आणि पट्टी लांबण्याआधीच तुटते. म्हणून कणांचं प्रमाण विचारताना सगळ्यात मोठा कण किती मायक्रॉनचा, हेही विचारायलाच हवं.

आकड्यांत फायदा किती

१० टक्के कणांच्या पोलादाचं मॉड्यूलस २३० ते २३५ गिगापास्कल, साध्याहून बारा-एक टक्के जास्त, आणि घनता ७.५४ च्या आसपास येते. २० टक्क्यांना मॉड्यूलस २५० च्या वर जातं आणि घनता ७.२, पण तिथे मोठ्या कणांचा ठिसूळपणा अंगावर येतो, म्हणून व्यवहारात १० टक्केच धरून चाला. म्हणजे माप तेच ठेवलं तर लवणं दहा-एक टक्के कमी आणि वजन चार टक्के कमी.

ऐकायला छान वाटतं, पण शेजारी दुसरा हिशेब मांडा. १०० मिलिमीटर उंचीचं साधं चॅनल (इंग्रजी सी आकाराचा पोलादी बार) काढून १०५-१०६ मिलिमीटरचं लावलं तर तोच ताठपणा साध्या पोलादात मिळतो. वजन दोन-तीन टक्के वाढेल, खिशाला फरक जाणवणार नाही. आणि पिळाचा प्रश्न असेल तर बात आणखी वेगळी. १०० बाय ५० बाय ४ चं उघडं चॅनल आणि त्याच बाहेरच्या मापाची बंद पेटी घ्या. पिळाला पेटी अडीचशे पटींहून जास्त ताठ असते. अडीचशे टक्के नाही, पट. कणांचं पोलाद यात बारा टक्क्यांची भर घालणार. चेसिसवरचा हौदा पिळतोय, कोपऱ्याची वेल्डिंगं उघडतायत अशी तक्रार असेल तर पोलाद बदलू नका, योग्य जागचं क्रॉस मेंबर (चेसिसचा आडवा तुकडा) बंद पेटीचं करा. फक्त आपल्या हवेत बंद पेटी आतून कुजते. तिच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ८ ते १० मिलिमीटरचं भोक हवं, वर तोंड करून पाणी साठवणारा कोपरा नको, आणि आतून मेण फवारलेलं हवं.

पातळ पत्र्याच्या बाबतीत फायदा आणखी आक्रसतो. सपाट पॅनेलचा ताठपणा तेवढाच ठेवून जाडी फक्त पावणेचार टक्क्यांनी कमी करता येते, म्हणजे १.२ चा १.१६. घनतेचा फायदा धरून वजन साडेसात टक्के वाचतं. तेवढ्यासाठी नवी डाय, नवे ड्रिल, वेगळी वेल्डिंग हा व्याप कोकणातल्या कुणा बॉडी बिल्डरने करू नये असं आमचं ठाम मत आहे.

मग कुठे? प्रोपेलर शाफ्ट बघा. तो ठरावीक वेगाला धनुष्यासारखा वाकून थरथरतो, आणि तो वेग मॉड्यूलस भागिले घनता याच्या वर्गमुळाने ठरतो. १० टक्के कणांना हा वेग आठ टक्क्यांनी वर जातो, किंवा वेग तोच ठेवून दीड मीटरचा शाफ्ट साधारण सहा सेंटिमीटर लांब करता येतो. नळीचा व्यास वाढवायला चेसिसखाली जागा नसते, म्हणून इथे हा फायदा दुसऱ्या मार्गाने सहज मिळत नाही. कनेक्टिंग रॉडचं तसंच: हलका आणि ताठ हे दोन्ही एकदम हवेत आणि क्रँककेसमध्ये बोटभर जागा नाही. उलट स्प्रिंगच्या पाट्यांना हे पोलाद देऊ नये. पाट्याचं कामच लवायचं, त्याला ताठपणा वाढवून काय मिळवायचं? तिथे वारंवार लवण्याचा शीण सोसणारं, कडक केलेलं सिलिको-मँगनीजचं स्प्रिंग पोलादच बरोबर.

ठोकून बघा

नमुना आला तर कागदावर विसंबू नका. यंत्रशाळेशिवाय ताठपणा मोजायची एक पक्की रीत आहे. नमुन्यातून ३०० मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर जाड पट्टी काढा, त्याच मापाची साध्या एमएसची (माइल्ड स्टीलची) काढा. जाडी व्हर्नियरने पाच ठिकाणी मोजा, कारण जाडीत एक टक्का चूक म्हणजे सुरातही एक टक्का चूक. दोन्ही टोकांपासून ६७ मिलिमीटरवर सुतळीच्या फासात पट्टी आडवी टांगा. त्या दोन जागा थरथरत नाहीत, म्हणून आवाज दाबला जात नाही. मधोमध, जाडीच्या दिशेने, छोट्या हातोडीने हलकं ठोका आणि फोनमधल्या सूर मोजणाऱ्या अॅपवर आकडा वाचा. साधी पट्टी ५९० हर्ट्झच्या आसपास बोलते. १० टक्के कणांची पट्टी ६३५ ते ६४० ला बोलायला हवी, म्हणजे बाजाच्या पेटीवरच्या शेजारच्या पट्टीहूनही थोडी वर. कानालाही फरक कळतो. ६१० लाच अडकली तर कण कागदावर लिहिलेत त्याहून कमी आहेत. सूर खाली आणि आवाज बद्द, लगेच विझणारा असेल तर आत तडे आहेत. एकाच प्लेटच्या वरच्या आणि खालच्या तोंडाजवळून किंवा दोन टोकांकडून पट्ट्या काढून ठोकल्या की कण वर तरंगलेत का तेही उघड होतं.

कापणं, वाकवणं, भोकं

कणाचा कडकपणा एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलच्या तिपटीहून जास्त. त्यामुळे नेहमीचं एचएसएस बिट पहिल्या काही भोकांतच धार सोडतं, आणि धार गेली की कापण्याऐवजी घासतं, भोक तापतं, चमकतं, पुढचं बिटही खातं. कार्बाइड बिट, कमी फेरे, एकसारखा दाब आणि भरपूर कूलंट लावा. मध्येच दाब सोडून बिट फिरत ठेवू नका. ग्राइंडरला नेहमीची तपकिरी चकती भराभर झिजते, सिलिकॉन कार्बाइडची बरी टिकते.

शिअरने (पत्रा कातरणाऱ्या यंत्राने) कापलेल्या काठावर तडकलेल्या कणांची रांग राहते. तोच काठ पुढे वाकवला तर चीर तिथूनच निघते. म्हणून वाकवायच्या भागाचा काठ लेसरने किंवा पाण्याच्या झोताने कापा, निदान शिअरचा काठ एक मिलिमीटर घासून काढा. वाकवताना घडी रोलिंगच्या दिशेला आडवी ठेवा, कारण कण रोलिंगच्या दिशेने ओळीने मांडलेले असतात आणि घडी त्या ओळीला समांतर आली की शिवण उसवावी तशी उसवते. आतली त्रिज्या जाडीच्या तिपटीपासून सुरू करा, भिंगातून बाहेरचा ताणलेला भाग बघा, मगच कमी करा.

वेल्डिंग हा या मालाचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. कारखान्यात लेसरने, बाहेरची तार न घालता, झटकन वितळवून झटकन गोठवलं तर कण परत बारीक बनतात आणि सांधा चालतो. फ्रिक्शन वेल्डिंगमध्ये (दोन भाग घासून तापवून दाबून जोडताना) तर वितळतच नाही, शाफ्टला टोकं जोडायला तेच योग्य. पण गॅरेजमधला रॉड किंवा सीओटू वेल्डिंग वेगळं. रॉडमधला आणि तारेतला कार्बन टायटॅनियमला ओढून घेतो, बोरॉन मोकळं होतं, आणि वेल्ड गोठताना दाण्यांच्या कडेकडेने ठिसूळ बोराइडचं जाळं बसतं. वेल्ड वरून देखणा दिसतो, थंड होताना टिचकतो किंवा पहिल्याच घाटात. शाफ्ट कापून आखूड करून परत जोडणं हे आपल्याकडे सर्रास चालतं, या शाफ्टला ते कदापि करू नये. भागावर लाल रंगाने "वेल्डिंग नाही" असं लिहूनच गाडीत बसवावा. चेसिसवर जोडायचा तुकडा असेल तर नटबोल्ट, मापात रीमर केलेली भोकं आणि दोन पत्र्यांच्या मध्ये सीलंट, नाहीतर सांध्यातल्या खाऱ्या ओलीने भोकं मोठी होतात.

आता गंज. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्या इथल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, टायटॅनियमचं खनिज, आणि ती वाळू समुद्रात युगानुयुगं पडून शाबूत राहते. त्यावरून या पोलादाचा अंदाज बांधू नका. यातलं टायटॅनियम बोराइडच्या कणात अडकलेलं असतं, आणि खाऱ्या वाऱ्याला तोंड देणारं मधलं लोखंड साधंच असतं. न गंजणाऱ्या पोलादाला निदान १०.५ टक्के क्रोमियम लागतं, इथे ते नाही. शिवाय कण वीजवाहक आहे, म्हणजे ओल्या मिठात तो शेजारच्या लोखंडाचं संरक्षण करेल अशी आशा नाही. रंग, प्रायमर, खालून अंडरकोट, सगळं साध्या पत्र्यासारखंच लागतं.

आणि इथे एक आकडा कोकणात कुणी विसरू नये. हवा किती गंजवते याचे वर्ग ठरवणाऱ्या आयएसओ ९२२३ या मानकाच्या सी५ वर्गात, म्हणजे भरपूर मीठ आणि ओल असलेल्या हवेत, उघडं साधं पोलाद पहिल्या वर्षी ८० ते २०० मायक्रॉन झिजतं. १ मिलिमीटरच्या पत्र्याचे १०० मायक्रॉन गेले तर सपाट भागाचा ताठपणा २७ टक्के गेला. म्हणजे रंग उडालेला एक पावसाळा-उन्हाळा कणांनी दिलेल्या बारा टक्क्यांच्या दुप्पट वसूल करून नेतो. मिरकरवाड्याहून किंवा हर्णैहून मच्छी उचलणाऱ्या गाडीत तर बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटीतून क्रॉस मेंबरवर ठिबकतच राहतं. तिथे पहिला खर्च पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळीचा, दुसरा रंगाचा. पोलादाच्या जातीचा नंबर त्याच्या बराच नंतर.

नमुना मागवायचाच असेल तर पुरवठादाराकडून चार गोष्टी लेखी घ्या: टायटॅनियम आणि बोरॉनचं वजनी प्रमाण, सगळ्यात मोठ्या कणाचं माप, मॉड्यूलस कुठल्या दिशेला मोजलं, आणि पट्टी तुटण्याआधी किती टक्के लांबली. आर्सेलर-मित्तलच्या पेटंटात टायटॅनियम २.५ ते ७.२ टक्के आहे, आणि बोरॉन त्याच्या सुमारे ०.४५ पट, थोडं मागेपुढे. पुरवठादाराचे आकडे यापासून फार लांब असतील तर कारण विचारा.

उरलेले तुकडे साध्या भंगारात टाकू नका. भट्टीत यातलं टायटॅनियम बरंचसं जळून मळीत (स्लॅगमध्ये) जातं, पण थोडं बोरॉन जरी पोलादात उरलं तरी पुढच्या हीटच्या कडक होण्याच्या गुणात फरक पडतो. तुकड्यांवर रंगाने खूण करा, वेगळ्या पोत्यात ठेवा आणि भंगारवाल्याला तसं सांगूनच द्या.